पोलादाचे पाणी

महाडच्या औद्योगिक वसाहतीत बर्फ दोनच ठिकाणी दृष्टीस पडतो. एक, उसाच्या रसवंतीवर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला. आणि दुसरा, मासळीच्या टेम्पोतून डांबरी रस्त्यावर ठिबकत जाणारा. अशा मुलखात राहणाऱ्या आम्हां चौघांच्या सामाईक मालकीची एक पत्र्याची पेटी आहे, आणि तिच्यात क्रॅम्पॉनच्या चार जोड्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेल्या आहेत. क्रॅम्पॉन म्हणजे बर्फावर चालताना बुटाच्या तळाला बांधावयाची पोलादी दातांची चौकट. एकदा घरी आलेल्या एका वृद्ध आप्तांनी ती हातात घेऊन, "हे नारळ सोलायचं नवीन यंत्र का?" असे विचारले होते. आम्ही हसलो खरे. परंतु मे महिन्यात अंगाची लाही होत असताना बर्फाचे जोडे जपून ठेवणारी माणसे शेजाऱ्यांना काहीशी चमत्कारिक वाटावीत, यात त्यांचा दोष नाही.

गेल्या महिन्यात आमच्या ओळखीच्या घरांतील दोन तरुण, एक मुलगा आणि एक मुलगी, ही पेटी मागावयास आले. मनालीकडील एका शिखरावर जाण्याचा त्यांचा बेत ठरला होता. पेटी उघडली, एकेक जोडी बाहेर आली आणि चौथ्या जोडीपाशी मुलीचा हात थांबला. "काका, ह्याचा पुढचा दात मोडलाय. कसा मोडला?" तिने विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. या प्रश्नाचे खोटे उत्तर आम्ही अनेक वर्षे दिले होते. त्या दिवशी खरे दिले. आणि ते अधिकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहोत.

प्रथम आमची ओळख. आमच्यातील दोघे वसाहतीतील कारखान्यांच्या देखभाल विभागात, एक शाळेत शिक्षक, तर एक औषधांच्या दुकानाचा मालक. आमची पर्वतांशी ओळख सह्याद्रीने करून दिली. उत्तरेला रायगड, पूर्वेला वरंधा घाट, दक्षिणेला पोलादपूरवरून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट, अशा डोंगरांच्या कुशीत राहणाऱ्यांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. मंगळगडाच्या घसाऱ्यावरून आम्ही घसरलो आहोत, ढवळे गावाहून चंद्रगड करून आर्थरसीटपर्यंत चढताना उन्हात वाळलेल्या गवतावरून पाय कसा सटकतो ते अनुभवले आहे. पोलादपूरजवळच्या उमरठ गावी तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी उभे राहिले की कड्याला नखे रोवून बसणाऱ्या घोरपडीची कथा आठवतेच. ती इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही असे अभ्यासक सांगतात. तरीही निसरड्या जागी मनुष्याला प्रथम हेवा वाटतो तो नखांचाच, एवढे सत्य त्या कथेत निश्चित आहे. क्रॅम्पॉन ही मनुष्याने पायांना लावून घेतलेली नखे होत.

ही नखे घडविण्याचा इतिहासही मनोरंजक आहे. आल्प्स पर्वतातील मेंढपाळ आणि शिकारी शतकानुशतके पायाखाली चार दातांचे लोखंड बांधीत. परंतु कठीण बर्फाच्या चढावर त्याचा निभाव लागत नसे. तेथे कुऱ्हाडीने एकेक पायरी खोदीत जाणे हीच मुख्य रीत होती. पुढे पोप अकरावे पायस म्हणून जगाला परिचित झालेले फादर आखिल्ले रात्ती १८८९ साली माकुन्यागाच्या बाजूने माँते रोझाच्या सर्वोच्च शिखरावर चढले, ते त्याच काळात. पोपपदी आल्यावर १९२३ साली त्यांनीच संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. आजचे क्रॅम्पॉन आले ते १९०८ नंतर. ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज अभियंत्याने दहा दातांच्या क्रॅम्पॉनची आखणी केली आणि इटलीतील कूर्मायर गावच्या हेन्री ग्रिव्हेल या लोहाराने ते घडविले. १९२९ साली त्याच घराण्यातील लॉराँ ग्रिव्हेल यांनी पुढे रोखलेले दोन दात वाढविले. त्या दोन दातांची किंमत १९३८ च्या जुलैमध्ये आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर जगाला कळली. हाइनरिश हारर यांच्या पायांत क्रॅम्पॉन नव्हतेच, नुसते खिळ्यांचे बूट होते. त्यांचे सोबती कास्पारेक यांच्याजवळ दहा दातांचे होते. म्हणून ते दोघे पायऱ्या खोदीत हळूहळू चढत होते. मागून बारा दातांचे क्रॅम्पॉन घातलेले हेकमायर आणि फ्योर्ग आले आणि त्यांनी त्यांना पाहता पाहता गाठले. अखेर चौघे एकत्र होऊन शिखरावर पोहोचले. हेच हारर पुढे देहरादूनच्या छावणीतून निसटून ल्हासाला गेले.

आता निवडीविषयी, कारण तरुणांचा पहिला प्रश्न तोच असतो: चांगले क्रॅम्पॉन कोणते? हा प्रश्न उलटा आहे. आधी बूट पाहावेत, मग क्रॅम्पॉन. बुटाचा तळ मऊ असेल आणि त्याला ताठ चौकट बांधली, तर पावलागणिक बूट वाकतो, चौकट वाकत नाही; शेवटी एक तर क्रॅम्पॉन पायातून निसटतो, नाही तर त्याची मधली पट्टी मोडते. बांधणीचे प्रकार तीन. पहिला, पुढे-मागे पट्ट्यांनी बांधावयाचा. तो बहुतेक सर्व बुटांना चालतो. दुसरा, पुढे पट्टा आणि मागे खटक्याची टाच. त्यासाठी बुटाच्या टाचेला खाच हवी. तिसरा, पुढे तारेची कडी आणि मागे खटका. त्याला बुटाच्या दोन्ही टोकांना खाचा आणि अगदी ताठ तळ हवा. भाड्याने बूट घेणाऱ्याने पट्ट्यांचा प्रकार निवडणे शहाणपणाचे, कारण तेथे कोणता बूट हाती येईल याचा भरवसा नसतो.

दात दहा की बारा? हिमनदीवरून आणि मध्यम उतारावरून चालावयाचे तर दहाही पुरतात. परंतु ज्या शिखरावर अखेरच्या टप्प्यात तीव्र चढ येतो, तेथे पुढचे दोन दात मजबूत असलेले बारा दातांचे घ्यावेत. सर्वसाधारण गिर्यारोहणासाठी पुढचे दात आडवे, पसरट असलेले बरे, कारण ते भुसभुशीत बर्फातही आधार देतात. उभे दात हे गोठलेल्या धबधब्यांवर चढणाऱ्यांचे. धातूविषयी म्हणाल, तर पोलादच घ्यावे. अॅल्युमिनियम हलके खरे. पण आमच्या हिमालयात बर्फ संपून खडक केव्हा लागेल याचा नेम नाही, आणि खडकावर ते झपाट्याने झिजते. रबरी जाळीला साखळी व बारीक खिळे लावलेली जी स्वस्त साधने मिळतात, ती सपाट वाटेपुरती आहेत. चढावर त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

क्रॅम्पॉन बुटाला नीट बसला की नाही, याची परीक्षा सोपी आहे. मधल्या पट्टीची लांबी जुळवून तो बुटावर चढवावा आणि पट्टे न बांधता बूट उचलावा. क्रॅम्पॉन खाली न पडता चिकटून राहिला तर माप बरोबर. पुढचे दात बुटाच्या टोकापुढे दोन-तीन सेंटिमीटर यावेत. बकले पायाच्या बाहेरच्या अंगाला हवीत. आतल्या बाजूला राहिली तर दुसऱ्या पायाचा दात त्यांत अडकतो. पट्ट्याचे लोंबते टोक खोचून टाकावे. विजार घोळदार नसावी. तळाला बर्फाचे गोळे चिकटू नयेत म्हणून रबरी किंवा प्लास्टिकची चकती मिळते. ती जरूर घ्यावी. दुपारच्या ओल्या बर्फात तिच्यावाचून दातांखाली असा गोळा जमतो की पायात खडावा घातल्यासारखे होते. हे सारे घरी, दिव्याच्या उजेडात, दहा वेळा करून पाहावे. पहाटे दोन वाजता, वाऱ्यात, हातमोजे घालून बकल लावावयाचे असते, तेव्हा डोके चालत नाही. बोटांना सवय असेल तेवढेच कामास येते.

चालण्याची रीतही शिकावी लागते. दोन पावलांत वीतभर अंतर, म्हणजे एका पायाचे दात दुसऱ्याच्या पोटरीला लागत नाहीत. उतार बेताचा असेल तोवर घोटा वाकवून तळाचे सगळे दात एकदम बर्फात रोवावेत. कडेवर पाऊल टाकण्याची सह्याद्रीतील आपली सवय येथे घातक ठरते. चढ तीव्र झाला की पुढचे दात बर्फात मारून चढावे, आणि त्या वेळी टाच खाली ठेवावी. थकलेला माणूस टाच उचलतो आणि नेमके तेव्हाच दात सुटतात. क्रॅम्पॉन घातलेले असताना बर्फावरून बसून घसरत उतरण्याचा मोह कधीही करू नये. एक दात अडकला की घोटा मोडतो.

हे सगळे आम्ही २०१७ साली जाणत होतो. आमच्या नोंदवहीत ते सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते. एक गोष्ट मात्र आम्हांला सांगण्यात आली असूनही आम्ही ऐकली नव्हती.

आमच्या चार जोड्यांपैकी दोन नव्या होत्या. उरलेल्या दोन जुन्या सामानातून स्वस्तात घेतलेल्या. त्यांपैकी एकीचे दात बोथट झाले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी आमच्यातला एक ती जोडी घेऊन कार्यशाळेत गेला. तेथे एक वयस्क मिस्त्री होते. पोलादपूरकडच्या खेड्यातील लोहाराच्या घरात ते वाढले होते. वडील कोयते आणि विळे घडवीत. त्यांनी दातांवरून अंगठा फिरवला आणि कानस पुढे केली. म्हणाले, "हाताने घासा. कडेनेच घासा, सपाट बाजूला लावू नका. ग्राइंडरला तर अजिबात नको. पाणी बिघडेल." चोवीस दात हाताने घासावयाचे म्हणजे दोन तासांचे काम. संध्याकाळी वीर स्थानकावर गाडी पकडावयाची होती. मिस्त्री जेवावयास गेले आणि आमच्या सोबत्याने ग्राइंडर सुरू केला. वीस मिनिटांत सगळे दात सुईसारखे झाले. पुढचे दोन दात घासताना लाल झाले, तेव्हा त्याने ते पाण्यात बुडवले. चर्र असा आवाज झाला. बाकीचे तिघे तेथेच उभे होतो. आम्ही शाबासकी दिली.

मे महिन्यात आम्ही सोलंग खोऱ्यातून धुंडीमार्गे बकरथाचला गेलो. फ्रेंडशिप शिखर ५२८९ मीटर उंच आहे. जाणकारांच्या दृष्टीने ते अवघड नाही. वरच्या तळावरून मध्यरात्री निघालो. एका दोराला आम्ही चौघे, पुढे तिथलाच एक वाटाड्या. पहाटेच्या सुमारास शिखराखालच्या तीव्र चढावर बर्फ काचेसारखा कडक लागला. पुढचे दात मारीत एकेक पाऊल वर सरकत होतो. तेवढ्यात टणत्कारासारखा एक लहानसा आवाज झाला आणि आमचा सोबती आमच्या दृष्टीसमोरून खाली गेला.

उजव्या पायाचा पुढचा एक दात मुळापाशी मोडला होता. सगळा भार दुसऱ्या दातावर येताच पाय फिरला. त्याने कुऱ्हाड रोवण्याचा प्रयत्न केला, ती सुटली. वाटाड्याने आपली कुऱ्हाड बर्फात गाडून अंगाचा भार तिच्यावर टाकला, आम्ही तिघेही तसेच पालथे पडलो, आणि दोर ताणला जाऊन थांबला. दहा-बारा फुटांचीच घसरण. परंतु तेवढ्यात डाव्या पायाचे दोन दात उजव्या पोटरीत शिरले होते. त्या बर्फावर रक्त फार लाल दिसले. शिखर नजरेच्या टप्प्यात होते. वाटाड्या एक शब्दही न बोलता खाली वळला. तळावर आल्यावर त्याने खिशातून पोलादाचा एक तुकडा काढून आमच्या हातावर ठेवला. मोडलेला दात त्याने वाटेत उचलून घेतला होता.

परत आल्यावर आम्ही तो तुकडा मिस्त्रींना दाखविला. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी चष्मा लावला, मोडलेली कड उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "दाणा बघा कसा साखरेसारखा दिसतोय." मग त्यांनी समजावून सांगितले. पोलाद तापवून एकदम थंड केले की ते कडक होते, पण ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. हत्याराला पाणी देणे म्हणतात ते हे. कारखान्याने मोजूनमापून दिलेले पाणी आम्ही ग्राइंडरच्या धगीने घालविले आणि वर बादलीतले पाणी देऊन दाताची काच करून ठेवली. "धार आलेली डोळ्यांना दिसते, पाणी गेलेलं दिसत नाही," ते म्हणाले. "तुम्ही धार बघितलीत." एवढे बोलून ते पुन्हा लेथकडे वळले.

येथवर झाली ती चूक होती. त्यापुढे आम्ही जे केले त्याला चूक म्हणता येणार नाही. सोबत्याच्या आईला आम्ही सांगितले की तो हॉटेलच्या पायरीवरून घसरला, तेथे लोखंडी जाळी होती. मित्रांना सांगितले की हवामान बिघडल्यामुळे परतलो. मोडलेल्या दाताविषयी कोणी विचारलेच, तर खडकावर आपटला म्हणून सांगावयाचे, असे आमचे ठरले. आमच्यातील दोघांच्या कारखान्यांत अशी पद्धत आहे की अपघात होता होता टळला, तरी त्याची नोंद वहीत करावयाची. कोणी केले यापेक्षा कसे झाले हे लिहावयाचे, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस वाचतो. ती वही भरा, असे कनिष्ठांना बजावणारे आम्ही स्वतःचे पान कोरे ठेवून बसलो.

२०२१ च्या २२ जुलैला महाडात पूर आला आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. आमच्या शिक्षक मित्राच्या घरात चिखल शिरला, त्यात ही पेटीही बुडाली. घरोघरचे दुःख एवढे मोठे होते की पेटीची आठवण दिवाळीत झाली. तोवर क्रॅम्पॉन गंजून तांबडे झाले होते. ते घासून, रिव्हेटा आणि बकले तपासून, तेलाचा हात देऊन पुन्हा गुंडाळून ठेवले. कोकणच्या दमट हवेत एरवीही दर पावसाळ्यानंतर हे करावेच लागते. मोडक्या दाताची जोडी फेकून द्यावी असे एकाने सुचविले. दुसरा म्हणाला, राहू द्या. का, ते कोणीच बोलले नाही.

मग २०२३ च्या नोव्हेंबरात वसाहतीतील एका कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कित्येक कामगार मृत्यू पावले. त्या घटनेच्या कारणांविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्या दिवसांत वसाहतीतील प्रत्येक घरात माणसे रात्री जागी होती, आणि कामावरून परतलेल्याकडे घरातील बायामाणसे कशी पाहत, ते आम्ही पाहिले. त्याच आठवड्यात आम्ही चौघे सोबत्याच्या घरी जमलो आणि त्याच्या आईपुढे सारे सांगून टाकले.

त्या तांदूळ निवडीत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मला ते तेव्हाच कळलं होतं. पायरीवरून पडलेल्याच्या पोटरीला शेजारी शेजारी दोन सारखी भोकं पडत नाहीत." आम्ही खाली मान घालून बसलो. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्या मिस्त्रींनी सांगितलं होतं ना?" आम्ही हो म्हणालो. "मग त्यांचं ऐकायचं होतं," एवढेच त्या म्हणाल्या आणि चहा ठेवावयास उठल्या.

मिस्त्री आता निवृत्त होऊन आपल्या गावी असतात. त्या दोन तरुणांना आम्ही क्रॅम्पॉनच्या तीन जोड्या दाखविल्या, त्यांतील दोन त्यांच्या बुटांना लावून पाहिल्या, पट्टे न बांधता उचलून पाहिल्या. मुलाच्या जोडीचे दात थोडे बोथट होते. आम्ही त्याच्या हाती कानस दिली आणि दात कडेनेच घासावयास सांगितले. ओट्यावर बसून तो घासू लागला. पहिल्या पंधरा मिनिटांत तो दोनदा घड्याळाकडे पाहून झाला. मग पाहिनासा झाला. मुलीने मोडकी जोडी मागून घेतली. आम्ही म्हणालो, ती वापरण्याच्या कामाची नाही. ती म्हणाली, "वापरायला नको. आमच्या बरोबर येणाऱ्यांना दाखवायला हवी."

हा लेख आम्ही 'आम्ही' म्हणून लिहिला आहे. ग्राइंडर कोणी चालविला आणि दोराच्या टोकाला कोण लोंबकळत होता, ते आम्ही सांगणार नाही. दात एकाने घासले. पण शाबासकी देणारे तिघे होतो आणि गप्प बसणारे चौघे. पेटी आता कोणीही मागावयास यावे. तिच्याबरोबर कानसही मिळेल, आणि हे पानही.